चिरू, तुझी लोकर तुझ्याच अंगावर राहू दे

प्रिय चिरू,

तू तिबेटी हरीण, तुझं घर तिबेटातल्या चांगथांगच्या पठारावर, चार-पाच हजार मीटर उंचीवर. तिथल्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत तू जगतेस ती राठ केसांखालच्या मऊ लोकरीमुळे. तीच तुझ्या जिवावर उठली. काश्मिरात तिला शाहतूश म्हणतात. तिची अख्खी शाल अंगठीतून ओढून काढता येते. मोगल दरबारातही तिचा तोरा होता. पण तुझ्या कळपांवर खरी कुऱ्हाड पडली ती विसाव्या शतकाच्या अखेरीस, न्यूयॉर्क, लंडन आणि दिल्लीतल्या धनिकांना ही शाल मिरवावीशी वाटू लागली तेव्हा.

मला सर्वांत जास्त चीड येते ती एका थापेची. व्यापारी सांगत, ही जनावरं झुडपांना अंग घासतात आणि अडकलेली लोकर मेंढपाळ वेचून आणतात. गिऱ्हाईक निर्धास्त होई. त्या उजाड पठारावर एवढी झुडपं आहेत तरी कुठे? प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलर यांनी तिथे वर्षानुवर्षं फिरून सत्य जगापुढे आणलं: तुला मारल्याशिवाय ही लोकर मिळत नाही. एका शालीसाठी तीन ते पाच चिरू मरतात. विणीसाठी निघालेल्या गाभण माद्यासुद्धा शिकाऱ्यांनी सोडल्या नाहीत. एके काळी लाखोंनी असलेली तुमची संख्या पंचाहत्तर हजारांच्या आसपास आली. आमच्या वाघांची हाडं तिबेटात आणि तुझी लोकर इकडे, असाही सौदा चालला.

तुझ्यासाठी माणसंही मेली. जानेवारी १९९४ मध्ये तिबेटी पठारावरच्या कोकोशिलीत सोनम दार्ग्ये हा तिबेटी अधिकारी पकडलेल्या शिकाऱ्यांना घेऊन येत होता. त्यांच्याच गोळीने तो गेला.

शाहतूशच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९७९ पासून पूर्ण बंदी आहे. जम्मू-काश्मीरचा कायदा वेगळा असल्याने तिथे तुला पूर्ण संरक्षण मिळायला २००२ उजाडलं. ही शाल विणणाऱ्या काश्मिरी विणकरांवर आणि सूत कातणाऱ्या बायकांवर माझा राग नाही. त्यांचं पोट त्यावर होतं, आणि नफा मात्र भलत्यांनीच खाल्ला. त्यांच्या हातांना पश्मिन्याचं काम आणि त्याचं योग्य मोल मिळायला हवं. ती लोकर जिवंत बकरीच्या अंगावरून विंचरून काढतात.

पहारा वाढला आणि तुझे कळप सावरू लागले. २०१६ मध्ये धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत तुझं नाव ‘संकटग्रस्त’ वर्गातून निघालं, पण चोरटा धंदा संपलेला नाही. म्हणून हे पत्र वाचणाऱ्यांना विनंती: कुणी आतल्या खोलीत नेऊन ‘असली शाहतूश’ उलगडून दाखवली, तर ती घेऊ नका. विकणं जसा गुन्हा, तसा विकत घेणंही. वनखात्याला कळवा.

तुझी हितचिंतक