दादींचे तीन हजार आणि किंग्ज सर्कलचा पदपथ

चिपळूणला सकाळची दिवा पॅसेंजर धरली की दुपारी दिव्याला उतरता येतं. तिथून मुंब्रा एकच स्टेशन. आमच्याकडची बरीच माणसं याच वाटेने मुंबईला जातात. कुणी पासपोर्टच्या कामाला, कुणी दवाखान्याला, कुणी लग्नाचे कपडे घ्यायला. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गेलो ते पुस्तकं घ्यायला. गाडीत शेजारच्या बाईंनी विचारलं, "काय खास?" आम्ही सांगितलं. त्या म्हणाल्या, "पुस्तकांसाठी एवढं भाडं?" त्यांचंही चुकलं नव्हतं.

लेक बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. वर्षभर तिने एकच धरून ठेवलंय, वेबसाइट बनवायला शिकायचं आणि घरी बसून काम करायचं. गावातल्या एका क्लासने सहा महिन्यांचे चाळीस हजार सांगितले. तेवढे हाताशी नव्हते. मध्यंतरी दोन स्थळं आली, ती आम्ही "पुढच्या वर्षी बघू" म्हणून थांबवली. नातेवाइकांत थोडी कुजबुज झाली. लेकीच्या दादींनी मात्र घरगुती मसाल्याच्या कमाईतून पाचशेच्या सहा नोटा रुमालात बांधून दिल्या. म्हणाल्या, "आधी किताबं आणा. पोरगी त्यावर टिकते का बघू. क्लासचं मग." तेव्हा हे तीन हजार नीट लावायचे होते. ज्यांच्या घरी असं शिकू पाहणारं मूल आहे, त्यांना उपयोग होईल म्हणून हा प्रवास लिहीत आहोत.

मुंब्र्याला मामूंच्या घरी रात्री जेवणं झाल्यावर मामूंचा मोठा मुलगा आपली गोष्ट सांगू लागला. चार वर्षांपूर्वी त्याने हेच शिकायला घेतलं होतं. ओळखीच्या कुणीतरी पीएचपी आणि मायएसक्यूएलचं एक जाडजूड पुस्तक दिलं होतं. पुस्तकातला प्रोग्राम त्याने अक्षरन् अक्षर उतरवला, तरी दर वेळी एरर येई. दोन महिने तो रात्री जागला. शेवटी त्याला वाटलं, आपल्याला हे जमणारं नाही. त्याने ते सोडलं आणि मोबाइलच्या दुकानात नोकरी धरली. पुढे दुकानात येणाऱ्या एका मुलाने ते पुस्तक पाहिलं आणि खुलासा केला. पुस्तक जुनं होतं. डेटाबेसशी जोडणीची त्यातली पद्धत २०१३ पासूनच जुनी म्हणून टाकून द्यायला सांगितली होती, आणि २०१५ च्या डिसेंबरात पीएचपी ७ आलं तेव्हा ती काढूनच टाकली. त्याच्या संगणकावर नवं पीएचपी होतं आणि हातात जुनं पुस्तक. "दोष किताबीचा होता, आणि मी स्वतःला नालायक समजत राहिलो," तो म्हणाला. खोलीत कुणी काही बोललं नाही. लेक त्याच्याकडे बघत होती. सकाळी तो सुट्टी काढून आमच्याबरोबर निघाला.

मुंब्र्याहून धीमी लोकल धरून माटुंग्याला उतरलो आणि पूर्वेकडे चालत किंग्ज सर्कलला पोहोचलो. कागदोपत्री याचं नाव महेश्वरी उद्यान. गोल बागेच्या बाजूच्या पदपथावर जुन्या पुस्तकांच्या थप्प्या लागलेल्या असतात. त्यांत इंजिनिअरिंगची पुस्तकं भरपूर, कारण व्हीजेटीआय जवळच आहे. १८८७ सालची ही संस्था. रुईया आणि खालसा ही कॉलेजंही याच भागातली. परीक्षा संपली की मुलं पुस्तकं इथे आणून टाकतात आणि पुढच्या तुकडीची मुलं ती उचलतात. एका पुस्तकाच्या पहिल्या पानावर तीन नावं होती, दोन खोडलेली. उडप्याकडे इडली-सांबार खाऊन आम्ही कामाला लागलो.

दुकानवाले चाचा पांढऱ्या दाढीचे, स्टुलावर बसलेले. लेकीने विचारलं, "चाचा, वेब प्रोग्रामिंगचं कुठलं चांगलं?" त्यांनी उलट विचारलं, "बेटा, वेब का चाहिए या डेटाबेस का?" दोन्ही, असं म्हटल्यावर ते हसले. "वेब का किताब दूध है, डेटाबेस का अचार. दूध ताजा लेना. अचार पुराना भी चलेगा."

दिवसभर हे वाक्य आमच्या उपयोगी पडलं. वेबच्या पुस्तकाचं वय आधी पाहायचं. मुखपृष्ठावरचं 'नवीन आवृत्ती' वाचून थांबायचं नाही, आतल्या पानावरचं साल शोधायचं. पुनर्मुद्रणाचं साल वेगळं आणि आवृत्तीचं वेगळं. २०२० साली छापलेली प्रत २००९ च्या आवृत्तीची असू शकते.

साल सापडलं नाही तर पानं बोलतात. मामूंच्या मुलाने एकेक पुस्तक उघडून लेकीला दाखवलं. एचटीएमएलच्या पुस्तकात अक्षराचा रंग बदलायला 'फॉन्ट' टॅग आणि मजकूर मधे आणायला 'सेंटर' टॅग शिकवत असतील तर ते बाजूला ठेवायचं. ही कामं आता सीएसएस करतं. जावास्क्रिप्टच्या पुस्तकात 'लेट' आणि 'कॉन्स्ट' हे शब्द दिसतात का बघायचं. ते २०१५ साली भाषेत आले. सगळीकडे नुसतं 'व्हार' असेल तर पुस्तक त्याआधीचं किंवा त्या वळणाचं. पीएचपीच्या पुस्तकात शेवटची सूची उघडायची आणि 'पीडीओ' किंवा 'प्रिपेअर्ड स्टेटमेंट' शोधायचं. हे नसेल तर पुस्तक परत ठेवायचं.

हे शेवटचं का महत्त्वाचं, ते त्याने साध्या शब्दांत सांगितलं. वेबसाइटवर नाव लिहायची चौकट असते. कुणी लबाड माणूस तिथे नावाऐवजी डेटाबेसला द्यायचा हुकूमच लिहितो. प्रोग्राम भोळा असेल तर डेटाबेस तो हुकूम पाळतो, सगळ्या ग्राहकांची माहिती बाहेर काढून देतो किंवा पुसून टाकतो. प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरलं की चौकटीत आलेला मजकूर फक्त मजकूर म्हणूनच घेतला जातो, हुकूम म्हणून नाही. जे पुस्तक हे शिकवत नाही ते दार बांधायला शिकवतं, कडी लावायला नाही.

जॉन डकेट यांचं एचटीएमएल आणि सीएसएसचं रंगीत पुस्तक तिथे मिळालं. ते २०११ चं. पानांची मांडणी अशी की संगणक पाहून बिचकणाराही वाचेल. टॅग, रंग, अक्षरं, फॉर्म हे भाग आजही कामाचे. पानाची मांडणी शिकवणारा भाग मात्र फ्लेक्सबॉक्स आणि ग्रिड रुळण्यापूर्वीचा आहे. म्हणून ते स्वस्तात घेतलं आणि त्या प्रकरणावर लेकीने तिथेच पेन्सिलीने फुली मारली. डेव्हिड फ्लॅनागन यांचं गेंड्याचं चित्र असलेलं जावास्क्रिप्टचं पुस्तकही दिसलं, पण ते अडल्यावर उघडून बघायचं, पहिलं म्हणून वाचायचं नाही. शिवाय मरेन हावरबेके यांचं 'इलोक्वंट जावास्क्रिप्ट' लेखकाने स्वतःच इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवलं आहे. त्यासाठी पैसे मोडले नाहीत.

मग लोणच्याकडे वळलो. माहिती तक्त्यांत मांडायची ही कल्पना एडगर कॉड यांनी १९७० साली आयबीएममध्ये असताना मांडली. तिच्यावर उभी राहिलेली एसक्यूएल ही भाषा १९७४ च्या सुमाराची, आणि १९८६ साली तिचं अमेरिकेत प्रमाणीकरण झालं. तिचा पाया आजही तोच आहे. म्हणून दहा-पंधरा वर्षं जुनं पुस्तकही चालतं. सिल्बरशात्झ, कोर्थ आणि सुदर्शन यांचं 'डेटाबेस सिस्टिम कन्सेप्ट्स' चाचांकडे चार प्रतींत होतं. यातले सुदर्शन पवईच्या आयआयटीत प्राध्यापक. जगभर शिकवलं जाणारं हे पुस्तक माटुंग्यापासून फार लांब नसलेल्या माणसाच्या हातचंही आहे, याचं लेकीला फार वाटलं. सातवी आवृत्ती २०१९ ची. आम्ही पाचवी घेतली, तिच्या किमतीत सातवीचा कोपराही आला नसता. पुस्तक जड आहे. सुरुवातीला तक्ते, त्यांच्यातली नाती आणि एसक्यूएलची प्रकरणं वाचली तरी पुरे.

सरावासाठी इव्हान बेरॉस यांचं एसक्यूएलचं पुस्तक बघितलं. आपल्याकडे कॉलेजांत ते खूप चालतं, उदाहरणंही मुबलक. पण ते ओरॅकलसाठी लिहिलेलं. त्यात 'व्हारचार टू' असतं तिथे मायएसक्यूएलमध्ये नुसतं 'व्हारचार' लागतं. असे छोटे फरक नवशिक्याला अडवतात. मामूंच्या मुलाने मान हलवली. त्याला आपले दोन महिने आठवले असणार. ते ठेवून दिलं.

कोपऱ्यावर एक पोरगा नव्या पुस्तकांच्या चोरून छापलेल्या प्रती अगदी थोडक्यात देत होता. मोह झाला. लेकीने एक उघडली. कागद पातळ, शाई फुटलेली, स्वल्पविराम आणि अर्धविराम एकसारखे. प्रोग्राममध्ये एका चिन्हाने सगळं अडतं. आणि लिहिणाऱ्याच्या मेहनतीचा हक्क मारून इल्म घरी न्यायचं, हेही बरं वाटलं नाही.

दुपारी लोकलने सीएसएमटीला उतरून क्रॉफर्ड मार्केटकडे गेलो. पुरुषमंडळी जुम्मा मशिदीत जोहरला गेली, बाकीच्यांनी मार्केटच्या सावलीत बसून पिशव्या सांभाळल्या. १८०२ साली पुरी झालेली ही मशीद. तिच्या पोटात जुना तलाव आहे आणि कोकणी मुसलमानांचा तिच्याशी पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध. तिथल्या कुतुबखान्यात अरबी, फारसी, उर्दू हस्तलिखितं जपलेली आहेत. काही किताबं शेकडो वर्षं टिकतात आणि काही पाच वर्षांत शिळी होतात, दोन्ही एकाच शहरात एका दिवसात आमच्यासमोर आली.

तिथून चालत फोर्टमध्ये हुतात्मा चौकात आलो. फ्लोरा फाउंटन १८६४ चं. तिथल्या पदपथावरच्या पुस्तकांत कादंबऱ्याच जास्त होत्या, आमच्या कामाचं काही नव्हतं. दुधाचं पुस्तक नवंच घ्यायचं ठरलेलं, म्हणून जवळच्या दुकानातून रॉबिन निक्सन यांचं पीएचपी, मायएसक्यूएल आणि जावास्क्रिप्ट एकत्र शिकवणारं पुस्तक घेतलं, २०२१ ची सहावी आवृत्ती. आधी सूची उघडून पाहिली, अर्थातच. सगळं मिळून दोन हजार सहाशे झाले.

परतीच्या लोकलमध्ये मामूंच्या मुलाने एक गोष्ट सांगितली. मायएसक्यूएल बनवणाऱ्यांपैकी एक, फिनलंडचे मॉन्टी विडेनियस. त्यांनी हे नाव आपल्या मुलीवरून ठेवलं, तिचं नाव 'माय'. पुढे २००९ साली त्यातून वेगळा डेटाबेस निघाला, त्याला धाकट्या मुलीचं नाव दिलं, मारियाडीबी. लेक म्हणाली, "म्हणजे मुलींच्या नावावर जग चाललंय." आम्ही हसलो. स्टेशन येईपर्यंत तीच पुस्तक चाळत होती आणि तो तिला पानं दाखवत होता. उतरताना तो हळूच म्हणाला, "वाचून झालं की मला दे."

आता तीन महिने होत आले. पहिला सराव दादींच्या मसाल्याच्या वहीवर झाला. वहीत एकाच ग्राहक बाईंचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं. त्यांनी फोन बदलला तेव्हा एका ठिकाणी दुरुस्ती झाली, दोन ठिकाणी राहिली, आणि ईदच्या वेळी मसाला तयार असूनही निरोप गेला नाही. लेकीने दोन तक्ते केले, एक ग्राहकांचा, एक ऑर्डरींचा. ग्राहकाला एक नंबर दिला आणि ऑर्डरीत नावाऐवजी तो नंबर. आता फोन बदलला तर एकाच जागी बदलायचा. जाडजूड पुस्तकात यालाच मोठं नाव आहे. दादींनी चष्मा लावून पाहिलं आणि विचारलं, "उधारी कोणाची किती, ते सांगतं का हे?" लेकीला ते येत नव्हतं. रात्री एक वाजेपर्यंत बसून तिने ते काढलं. तीन हजार दोनशे रुपये उधारी निघाली, दादींच्या अंदाजापेक्षा बरीच जास्त.

क्लासचा प्रश्न अजून सुटलेला नाही. पुस्तकं वाचून नोकरी मिळते असं आम्ही म्हणणार नाही. चूक दाखवायला कुणीतरी लागतं, त्यासाठी रविवारी मामूंच्या मुलाचा फोन येतो, आणि त्यानेही पुन्हा शिकायला घेतलं आहे. उरलेले चारशे दादींना परत देऊ लागलो तर त्यांनी घेतले नाहीत. त्या नोटा निक्सनच्या पुस्तकात खूण म्हणून आहेत, सध्या प्रिपेअर्ड स्टेटमेंटच्या पानावर.