आधी पाणी, मग एलिव्हेशन

चेन्नईत, अड्यारच्या गांधीनगरमधल्या आमच्या घराचा दर्शनी भाग नवा करायचं ठरलं आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. पुण्यात फ्लॅटमध्ये वाढलेल्या मला बांधकामातलं ओ की ठो कळत नाही.

घर आजेसासऱ्यांनी पन्नासच्या दशकात बांधलेलं. पुढे ओटा, सिमेंटची जाळी, लाल ऑक्साइडच्या पायऱ्या, सागवानी दार. भिंतींचे पोपडे निघत होते आणि ग्रिलला हात लावला की तांबडी पूड लागायची.

पहिल्या कंत्राटदाराने मोबाइलवर 'एलिव्हेशन' दाखवलं: राखाडी पॅनेल, काच, लेझरने कापलेल्या पानांचं गेट. दुसऱ्याने विचारलं, "स्टील ३०४ घ्यायचं की ३१६?" मी सासूबाईंकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. मग कळलं की समुद्र एवढा जवळ असला, की खाऱ्या वाऱ्याने ३०४ वर तपकिरी डाग पडतात. मॉलिब्डेनम असलेलं ३१६ जास्त तग धरतं. भाव ऐकून मी गप्प बसले.

शेवटी एक म्हातारे मेस्त्री आले. त्यांनी चित्रबित्र काही दाखवलं नाही. पाणी भरलेली पारदर्शक नळी काढली, एक टोक रस्त्यावर पोऱ्याच्या हातात दिलं, दुसरं ओट्याच्या भिंतीला लावलं. पाणी स्थिर झाल्यावर पेन्सिलीने रेघ मारली आणि म्हणाले, "पारुंगम्मा," म्हणजे बघा, बाई. आमचं अंगण रस्त्यापेक्षा चांगलं वीतभर खाली होतं! वर्षानुवर्षं डांबरावर डांबर चढलं, रस्ता वर आला, घर होतं तिथेच राहिलं. डिसेंबर २०१५ च्या पुरात अड्यार नदी फुगली, तेव्हा पाणी हॉलपर्यंत आलं होतं, हे सासूबाईंना आत्ता आठवलं.

तिथून कामाचा क्रमच पालटला. गेटबाहेर उतार करून रस्ता अडवायचा नाही, म्हणून चढ गेटच्या आतच घेतला. गेटला लागून आडवी चर खणली, तिच्यावर लोखंडी जाळी टाकली आणि चरीचं पाणी शोषखड्ड्यात सोडलं. तमिळनाडूत २००३ पासून पावसाचं पाणी जिरवणं सक्तीचं आहे. आमचा खड्डा गाळाने भरलेला निघाला, तो उपसला. पोपड्यांचं कारणही मेस्त्रींनीच सांगितलं. जुना गिलावा चुन्याचा, त्यावर कोणीतरी सिमेंट आणि चकचकीत रंग थापलेला. भिंतीतली ओल बाहेर पडायला वाट नाही, मग ती रंगच फोडते. खालचा पट्टा खरवडून पुन्हा चुन्याचा गिलावा केला.

दारापुढच्या फरशीवर मात्र सासूबाई अडून बसल्या. गुळगुळीत टाइलवर कोलमचं, म्हणजे इकडच्या रांगोळीचं, तांदळाचं पीठ ठरत नाही, आणि पावसात पाय घसरतो. लाल ऑक्साइडच ठेवलं. चिरा बुजवून घोटून घेतलं. ग्रिल घासून गंजरोधक प्रायमर दिला. दाराला फक्त पॉलिश. नवं म्हणावं असं गेट तेवढं एक, तेही साध्या उभ्या पट्ट्यांचं, आणि छज्जा थोडा पुढे काढलेला.

जुन्या घराचं तोंड बदलायला निघालात, तर चित्रं नंतर मागवा. आधी भर पावसात छत्री घेऊन गेटपाशी उभे राहा आणि पाणी कुठून येतं, कुठे जातं ते बघा. रंग सगळ्यात शेवटी.