भिंतीतील ओल

आमचे घर रत्नागिरी जिल्ह्यातील एका खेड्यात आहे. जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचे ते कौलारू घर गुडघाभर उंच जोत्यावर उभे आहे. या भागात वर्षाला ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. चार महिने मागील अंगणात चिखलाचे राज्य असे. तो तुडवीत विहिरीकडे जाताना आजी एकदा घसरून पडली. म्हणून १९८८ च्या उन्हाळ्यात माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, माजघराच्या भिंतीला लागून एक ऐसपैस ओटा स्वतःच्या हातांनी बांधला. तो घरातील जमिनीच्या पातळीस आला आणि त्याखाली जोते पुरते झाकले गेले. दगड वाहून नेण्यास मीही होतो. त्या ओट्याचा आम्हां दोघांनाही मोठा अभिमान वाटे.

आजी मात्र म्हणाली, "जोते उघडे असू दे रे. वाडवडिलांनी ते उगाच उंच नाही बांधले." अण्णा नुसते हसले.

श्रावण लागला आणि माजघराच्या भिंतीवर ओल दिसू लागली. चुन्याचे पोपडे गळू लागले. कोनाड्यातील माझ्या पुस्तकांना बुरशी आली. आजीचे अंथरूण त्याच भिंतीशी असे. कुबट हवेने तिचा दमा बळावला. रात्री ती खोकू लागली, की अण्णा उठून बसत. दसऱ्यानंतर त्यांनी भिंतीला आतून सिमेंटचा गिलावा केला. पुढच्या पावसाळ्यात ओल त्या गिलाव्याच्याही वर चढली!

अखेर गावातील एका वृद्ध गवंड्याला बोलावले. त्याने परातीत थोडे पाणी घेऊन त्यात एक कोरडी वीट उभी केली. मला म्हणाला, "बघ हं, बाळ." हळूहळू पाणी विटेतून वर चढू लागले.

"वात जशी तेल ओढते, तसा चिराही पाणी ओढतो," तो म्हणाला. "ओट्यावरचे पाणी भिंतीशी मुरते. आपटून उडणारे थेंबही भिंतीवरच बसतात. त्यात सिमेंटने ओलीची बाहेर पडण्याची वाट बंद झाली, म्हणून ती वर गेली. अण्णा, गिलाव्याने ओल गेली नाही, झाकली गेली."

यालाच केशाकर्षण म्हणतात, हे मी पुढे शाळेत शिकलो.

ओट्याचा भिंतीलगतचा हातभर रुंद पट्टा तोडायचा, असे ठरले. पहिला घाव अण्णांनीच घातला. आजी दारात उभी होती. 'मी सांगितले होते' असे ती म्हणाली नाही. तिने दोघांसाठी चहा आणला. जोते पुन्हा उघडे झाले. तेथे झालेल्या चराला उतार देऊन पाणी माडांकडे सोडले. उरलेल्या ओट्यालाही भिंतीपासून दूर उतार दिला. सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा केला. भिंत सुकण्यास मात्र वर्ष लागले. तोवर आजी ओटीवर निजत असे. भिंत सुकल्यावर तिचे अंथरूण पुन्हा माजघरात आले.

पुढे गावात कोणी ओटा बांधू लागले, की अण्णा त्याला आमच्याकडे आणीत. ओटा घरातील जमिनीहून निदान वीतभर खाली असावा आणि पाणी भिंतीपासून दूर जावे, असे सांगत. मग त्या चराकडे बोट दाखवून म्हणत, "माझ्या ओट्याचा सर्वांत चांगला भाग हाच!"