समोर असून सापडेना

गेल्या आषाढात भंडारदऱ्याच्या शाळेत बसलो असताना मला माझीच कादंबरी वाचता येईना. ती टंकलिखित केली होती जुन्या फॉन्टमध्ये. त्यात मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत. फॉन्ट नाहीसा झाला की मजकुराची नुसती किडामुंगी उरते. ती युनिकोडमध्ये उतरवणारा एक छोटा प्रोग्राम माझ्या जुन्या विद्यार्थ्याने सी भाषेत लिहून दिला होता. घरचा संगणक बंद पडला, तेव्हा तो मी शाळेच्या म्हाताऱ्या यंत्रावर आणला. आज्ञा दिली. उत्तर आले: सापडत नाही. फाइल तर डोळ्यांसमोर होती!

पावसात रेंज शोधत उंचवट्यावर गेलो. "गुरुजी, फाइल आहे हो, तिचा सोबती नाही," विद्यार्थी म्हणाला. घरच्या लिनक्समध्ये ग्लिबसी ही लायब्ररी. शाळेत, जुन्या यंत्राला झेपावे म्हणून, त्यानेच आल्पाइन घातले होते, आणि त्यात 2014 पासून मसल आहे. भाषा तीच, पण एकीसाठी तयार झालेला प्रोग्राम दुसरीकडे उठून उभाच राहत नाही. मूळ मजकूर असेल, तर तो तिथे पुन्हा बांधावा.

मला ग्लिबसीची माया वाटते. 'मेमकॉपी' हे तिचे काम मजकूर एका जागेवरून दुसरीकडे नेण्याचे. दोन्ही जागा एकमेकींवर येऊ नयेत, हा नियम. पुष्कळांनी तो मोडला होता. रीत बदलताच ते प्रोग्राम बिघडले, तेव्हा 2011 च्या 2.14 आवृत्तीत नव्यांना नवी रीत दिली आणि जुन्यांना त्यांची सवय राहू दिली. इतकी ओझी वाहून ती जाड झाली, हे खरे. मसल सडपातळ, पण शिस्तीच्या मास्तरासारखी. (मास्तर मीही आहे, म्हणून तर धसका!)

मूळ मजकुराचा छापील कागद सुदैवाने कपाटात निघाला. तीन संध्याकाळी मी तो टंकला. प्रोग्राम बांधला गेला, चालला, आणि अक्षरे एकमेकांत कालवली गेली. जुन्या फॉन्टचे अक्षर एका बाइटचे, युनिकोडमधले तीन बाइटचे. जागा करायला उरलेली ओळ पुढे सरकवावी लागते, आणि ती आमच्या चिरंजीवांनी मेमकॉपीनेच सरकवली होती! घरी हे निभत होते. 'मेममूव्ह' हा शब्द घालताच ओळी नीट उभ्या राहिल्या.

पहिल्याच वाक्यात ऱ्हस्वदीर्घाची चूक निघाली. ती मात्र माझी होती.