पहिल्या रांगेचा मान

अ‍ॅजिनकोर्टच्या लढाईवर मी बनवलेला पटावरचा डाव पहिल्यांदा मांडला तेव्हा फ्रेंचांकडून खेळणारा मित्र हाताची घडी घालून बसून राहिला. चार फेऱ्या झाल्या तरी त्याने एक सोंगटी हलवली नाही. "चिखलात मी कशाला जाऊ? पुढे काय होतं ते मला ठाऊक आहे," म्हणाला. त्याचं बरोबर होतं. माझी मांडणी चुकली होती.

२५ ऑक्टोबर १४१५ च्या सकाळी खरे फ्रेंचही असेच थांबले होते. कित्येक तास दोन्ही सैन्यं समोरासमोर नुसती उभी होती, आणि थांबण्यात फायदा फ्रेंचांचाच होता. इंग्लंडच्या राजाचं, पाचव्या हेन्रीचं सैन्य आर्फ्लरच्या वेढ्यात हगवणीने पोखरलं होतं. तिथून कॅलेची वाट धरून ते अडीच आठवडे चालत आलं होतं आणि शिधा संपत आला होता. शेवटी हेन्रीच पुढे सरकला. धनुर्धाऱ्यांनी समोर रोवलेले टोकदार खुंट उपटले, बाणाच्या टप्प्यात जाऊन पुन्हा रोवले आणि मारा सुरू केला. म्हणून माझ्या डावात आता दर दोन फेऱ्यांनी इंग्रजांची एक सोंगटी भुकेने कमजोर होते. त्यांना बसून राहणं परवडतच नाही.

पण बाण आले म्हणून फ्रेंचांनी चिखलात अशी झुंबड का करावी? 'फ्रेंचांनी हल्ला केलाच पाहिजे' असा नियम मी लिहिला आणि दुसऱ्या दिवशी खोडला. चूक करायची सक्ती असली की खेळणारा सेनापती राहत नाही.

उत्तर सापडलं ते त्यांच्या पहिल्या रांगेत. सहावा चार्ल्स राजा मनाच्या आजाराने ग्रासलेला, रणात आलाच नव्हता. नेतृत्व कॉन्स्टेबल, म्हणजे सरसेनापती, दाल्ब्रे आणि मार्शल बुसिको यांच्याकडे, पण ऑर्लेआं आणि बूरबाँचे ड्यूक मानाने त्यांच्याहून मोठे. ज्याला त्याला पुढची जागा हवी होती. या गर्दीत त्यांचे स्वतःचे तिरंदाज मागे ढकलले गेले. मग मी फ्रेंच बाजू तिघांत वाटली. प्रत्येकाचे गुण वेगळे आणि गुप्त. आपला झेंडा पहिल्या रांगेत असला तर गुण, इंग्रज सरदार जिवंत पकडला तर आणखी गुण, मागे राहिलात तर काही नाही. त्या संध्याकाळी तिसऱ्याच फेरीत दोन्हीकडच्या झाडीमधल्या निमुळत्या पट्ट्यात तिघं एकमेकांना रेटू लागले. एका घरात तीनपेक्षा जास्त सोंगट्या आल्या की हात उगारायला जागा उरत नाही, जोर निम्मा होतो, हा नियम तिघांनीही वाचलेला होता.

चिखल मात्र मला मामाच्या शेतात कळला. पाऊस पडून गेल्यावर नांगरलेल्या काळ्या रानातून बांधापासून विहिरीपर्यंत निघालो होतो. पावलागणिक चप्पल जड होत गेली, आणि थोड्याच वेळात पाय उचलेना, उपटावा लागू लागला. अ‍ॅजिनकोर्टचं रानही नुकतंच नांगरलेलं, रात्रभर भिजलेलं, आणि अंगावर वीस-पंचवीस किलोंचं चिलखत. त्यात बाणांनी बिथरलेले घोडे मागे वळून स्वतःच्याच पायदळात घुसले. आधी मी चिखलात फक्त वेग कमी केला होता. आता प्रत्येक घराला सोंगटीवर दमणुकीचा एक खडा चढतो आणि तो पुन्हा उतरत नाही. हलक्या कपड्यांतल्या धनुर्धाऱ्यांवर निम्मेच खडे चढतात. दमलेल्या सरदारांवर हेच धनुर्धारी शेवटी कुऱ्हाडी आणि मोगऱ्या घेऊन तुटून पडले होते.

एका गोष्टीला मी नियम लावलेला नाही. लढाई जवळजवळ जिंकलेली असताना, नवा हल्ला येतोय या भीतीने हेन्रीने कैद्यांना मारायचा हुकूम दिला होता. डावात कैद्यांच्या सोंगट्या इंग्रजांच्या पिछाडीला पालथ्या ठेवतात. सुटकेच्या खंडणीमुळे सगळ्यात जास्त गुण त्यांनाच. पण पहारा ठेवावा तर आघाडी पातळ होते, आणि समोर फ्रेंचांची तिसरी रांग अजून शाबूत असते. काय करायचं ते खेळणाऱ्याने ठरवायचं. परवा इंग्रजांकडून खेळणाऱ्या मुलीने त्या चळतीवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग आघाडीवरचे दोन धनुर्धारी उचलून पहाऱ्याला मागे आणले आणि फासे फ्रेंचांकडे सरकवले.