वेरूळ, गुरुवार, सकाळी सात

बाबा अकरा वेळा वेरूळला गेलेत आणि त्यांनी कैलास लेणं एकदाही धड पाहिलेलं नाही. हे त्यांचंच म्हणणं. संगमनेरजवळच्या एका गावात ते माध्यमिक शाळेत शिकवायचे आणि दर डिसेंबरात सहल त्यांच्याच गळ्यात पडायची. पहाटे तीनला लाल एसटी निघणार, एका दिवसात वेरूळ, दौलताबाद, पाणचक्की, बीबी का मकबरा उरकणार, मध्यरात्री परत. "पोरांना शिखर दिसायचं, मला डोकी दिसायची," ते सांगायचे. बेचाळीस. बेचाळीस. एकेचाळीस! आणि मग धावाधाव.

दोन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला. उजवा पाय अजून ओढतो, हातात काठी आहे. त्याहून अवघड झालंय ते बोलणं. शब्द येतात, पण उशिरा. समोरच्याला तेवढा दम नसतो, तो वाक्य स्वतःच पुरं करून टाकतो. आयुष्यभर ज्यांनी वर्गाला गप्प बसवलं, त्यांनी अनोळखी माणसांसमोर बोलणंच सोडून दिलं. लग्नकार्याला जात नाहीत, बाजारात जात नाहीत. "मागं लोक खोळंबतात," एवढंच कारण देतात. म्हणून आमच्या घरी 'गर्दी टाळणे' हा फोटोत दुसरं कुणी नको म्हणून करायचा प्रकार नाही.

पुण्यात आयटीत काम करणारा माणूस अशा वेळी काय करतो? एक्सेल शीट उघडतो.

(इथे एक कबुली. कॉलेजात असताना मी चार मित्रांना घेऊन मंगळवारी वेरूळला गेलो होतो. वेरूळ मंगळवारी बंद असतं. अजिंठा सोमवारी. हे तेव्हा पाठ झालं ते कायमचं.)

या दोन सुट्ट्यांमधूनच बरंच काही निघतं. सोमवारी अजिंठा बंद, म्हणून ते सगळे पर्यटक वेरूळला. शिवाय सोमवार, त्यात घृष्णेश्वराचं ज्योतिर्लिंग हाकेच्या अंतरावर, म्हणजे भाविकही तिथेच. सोमवार बाद. मंगळवार बंदच. बुधवारी मंगळवारचे अडकलेले लोक येणार, असा माझा अंदाज. शनिवार-रविवारचं बोलायलाच नको. उरले गुरुवार आणि शुक्रवार. पावसाळ्यात डोंगर हिरवा आणि धबधबे सुरू, पण दगड निसरडा, काठीवाल्या माणसाला नकोच. नोव्हेंबर ते जानेवारी सहलींचा मोसम. एप्रिल-मे म्हणजे मराठवाड्याचं ऊन. फेब्रुवारी चांगला, पण महाशिवरात्रीच्या आसपासचे दिवस वगळून. त्यासाठी आईचं कालनिर्णय गुगलपेक्षा भरवशाचं निघालं.

रस्त्याचा प्रश्न होताच. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळ तीसेक किलोमीटर, पण जुना रस्ता दौलताबादच्या कोटातल्या दरवाजातून जातो. तो दरवाजा ज्या काळी बांधला त्या काळी ट्रॅव्हल्सच्या बसेस नव्हत्या. एकदा समोरासमोर दोन मोठ्या गाड्या आल्या की तासाचं भांडवल. म्हणून आम्ही आदल्या रात्री वेरूळलाच मुक्काम केला. तिकीट फोनवरून काढलं, माणशी पस्तीस रुपये. खिडकीवर चाळीस. पाच रुपयांपेक्षा बाबांना रांगेत उभं राहावं लागणार नाही, याचा आनंद जास्त.

सकाळी सातला आम्ही आत होतो. कैलासच्या अंगणात आम्ही तिघं, एक झाडूवाल्या मावशी आणि पोपट. वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे सकाळी सगळं सावलीत, गार. अंगण जमिनीलगत आहे, काठीला अडचण नाही. तीन बाजूंनी तासलेला कडा, मागे तर तो तीसेक मीटर उंच, आणि मधोमध आठव्या शतकात राष्ट्रकूटांनी एकाच खडकातून वरून खाली कोरत आणलेलं देऊळ. कळसापासून सुरुवात, पाया शेवटी. आमच्या धंद्यात एखादी चूक झाली तर मागची आवृत्ती परत लावता येते. इथे हत्तीची सोंड एकदा जास्त तासली गेली की गेली. बडोद्याला सापडलेल्या एका राष्ट्रकूट ताम्रपटात म्हणे असं वर्णन आहे की हे मंदिर घडवणारा शिल्पीच ते बघून चकित झाला, पुन्हा असं जमेल का याची त्याला खात्री वाटेना. हे मी बाबांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. माहीत होतं त्यांना, दरवर्षी पोरांना तेच सांगायचे.

आता ते बघतील, असं मला वाटत होतं. दोन महिने शीट भरल्याचं सार्थक होईल, वगैरे. बाबा जोत्याच्या हत्तींपाशी थांबले, रावण कैलास हलवतोय त्या शिल्पापाशी थांबले, आणि मग एका दगडावर बसून दाराकडे बघत राहिले. वरच्या मंडपात जायचा जिना अंधारा आहे. मी म्हटलं, धरतो तुम्हाला. नको म्हणाले. आई एकटीच वर जाऊन आली. मला थोडा राग आला, खोटं कशाला बोलू.

साडेनऊला बाहेर पडायचं असं शीटमध्ये होतं. सव्वानऊला दारात शिट्टी वाजली आणि निळ्या गणवेशांचा लोंढा आत आला. परीक्षा जवळ आल्या, आता सहली संपल्या असतील, हा माझा अंदाज चुकला होता. मी घाईघाईने बाबांना उठवायला लागलो. ते उठेनात. एक तरुण शिक्षक डोकी मोजत होता, परत मोजत होता, चेहरा पडत चालला होता. बाबांनी काठी उचलून मागच्या कड्यात कोरलेल्या ओवऱ्यांकडे दाखवली. शिक्षकाला कळेना. बाबांचे ओठ हलले, थांबले, परत हलले. मी वाक्य पुरं करणार होतो. आईने माझा दंड धरला.

"तिकडं. खांबा... मागं. तिथंच लपतात."

दोघं तिथेच सापडली.

दुपार आम्ही खोलीवर झोपून काढली. चार वाजता पुन्हा आलो, पण या वेळी कैलासकडे गेलोच नाही. दुपारनंतर सगळी गर्दी तिथे असते. दहाव्या लेण्याकडे, विश्वकर्म्याकडे, त्या मानाने माणसं तुरळक. सुताराची झोपडी म्हणतात त्याला, कारण छताला लाकडी वाशांसारख्या दगडी फासळ्या कोरल्यात. तरी पायऱ्यांवर कुणीतरी सेल्फी काढताना बाबांना धक्का दिलाच, आणि मी त्याच्याशी भांडलो. गर्दीबद्दलचं माझं मत अजिबात बदललेलं नाही.

आत गेलो तेव्हा समोरच्या गवाक्षातून उतरतं ऊन थेट बुद्धमूर्तीवर आलं होतं. बाकीचं लेणं अंधारात. बाबा एका खांबाला टेकून उभे राहिले. सहलीची गाडी दरवर्षी बाराला दौलताबादला हलायची. अकरा वेळांत दुपारचं वेरूळ त्यांनी पाहिलंच नव्हतं.

तिथला पहारेकरी आवाज घुमवून दाखवतो. त्याने एक लांब सूर लावला, तो फासळ्यांमधून फिरत राहिला. मग त्याने बाबांकडे बघून हाताने खूण केली, तुम्ही पण.

स्पीच थेरपिस्टने बाबांना रोज मोठ्याने आकडे मोजायला सांगितलेत. घरी ते टाळतात, लाज वाटते म्हणतात. आत तेव्हा पाचसहा अनोळखी माणसं होती. बाबांनी घसा साफ केला.

"एक," ते म्हणाले. थांबले. आवाज छतापर्यंत गेला आणि परत आला. "दोन. तीन."

दहापर्यंत आल्यावर ते थांबतील असं मला वाटलं. पहारेकऱ्यालाही वाटलं असावं, तो हसून पुढे झाला. बाबांनी त्याला हातानेच थांबवलं. बावीसला एकदा अडखळले, मागे जाऊन परत एकविसापासून धरलं. मूर्तीवरचं ऊन तोवर सरकायला लागलं होतं. मागे दोघं-तिघं दारात खोळंबले होते. बाबांनी बेचाळीसपर्यंत मोजलं.