भंडारदरा आणि दोन विमानतळ

मुंबई ते शिर्डी हा विमानाचा प्रवास सुमारें ४० मिनिटांचा, हें १ ऑक्टोबर २०१७ रोजीं काकडी गांवीं शिर्डीचा विमानतळ सुरू झाला तेव्हांपासून घरोघरीं ठाऊक झालें आहे. त्यामुळें भंडारदऱ्यास जाऊं इच्छिणारांस सहज वाटतें कीं, स्थळ अहिल्यानगर जिल्ह्यांतलें आणि विमानतळही त्याच जिल्ह्यांतला. तेव्हां हाच मार्ग सोयीचा. वाचकांनीं क्षणभर नकाशा पुढें घ्यावा.

मुंबईच्या जुन्या विमानतळापासून शिर्डीच्या विमानतळापर्यंत सरळ रेषा ओढली तर ती सुमारें १७२ किलोमीटर भरते, आणि रतनगड व हरिश्चंद्रगड यांच्या मधून जाते. भंडारदरा तिच्या उत्तरेस जेमतेम दहा-अकरा किलोमीटरांवर आहे. म्हणजे विमानांत बसलेला गृहस्थ आपलें मुक्कामाचें ठिकाण मागें टाकून पुढें जातो, आणि मग संगमनेर, अकोले, राजूर या वाटेनें अडीचएक तास परत येतो! विमान सुटण्याच्या दोन तास आधीं जाऊन बसणें यांत धरलेलेंच नाहीं.

मुंबईहून मोटारीनें हाच प्रवास चारएक तासांचा आहे. पक्ष्याच्या वाटेनें १०६ किलोमीटर असलेलें अंतर रस्त्यानें १६५ च्या वर जातें, याचें कारण सह्याद्रि. घाटघरापाशीं कडा एकदम तुटून कोंकणांत उतरतो, म्हणून मोटारींचा राबता उत्तरेस इगतपुरी-घोटीवरून आहे. घाटघरचें पाणी मात्र सरळ खालीं जातें. २००८ सालीं सुरू झालेल्या तेथील विद्युत्केंद्रांत वरच्या जलाशयाचें पाणी बोगद्यानें चोंढ्याच्या बाजूस पडून वीज होते, आणि मागणी कमी असतां तेंच पुनः वर चढविलें जातें. मनुष्यास अशी सोय अद्यापि नाहीं. तथापि समृद्धि महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरांचा टप्पा ५ जून २०२५ रोजीं खुला झाल्यापासून कसाऱ्याच्या घाटाचें भय उरलें नाहीं. आठएक किलोमीटरांच्या बोगद्यांतून मोटार निघून जाते.

गेल्या मार्गशीर्षांत राजुरास आमच्या वडील बंधूंचें सहस्रचंद्रदर्शन होतें. मुहूर्त साडेअकराचा. पुतण्या परदेशांतून पहाटें चार वाजतां मुंबईस उतरणार, आणि तेथून शिर्डीचें विमान धरणार असें त्याचें पत्र आलें. एक विमान चुकलें तर दुसऱ्याची वाट पाहावयाची आणि येथें वडिलांनीं दाराकडे डोळे लावून बसावयाचें, हें आम्हांस रुचेना. सडकेनें ये, असें आम्हीं कळविलें. तो साडेनवाच्या सुमारास अंगणांत उतरला. वहिनींनीं त्यास आंघोळीस पाठविलें तेव्हां भटजी नुकतेच येऊन पोंचले होते.

हैदराबादेहून आमची बहीण आली ती मात्र शिर्डीवरूनच, आणि तें योग्यच झालें; दूरच्या प्रांतांतून येणारास तो विमानतळ मोठा उपकारक आहे. २०२३ पासून तेथें रात्रींही विमानें उतरूं लागलीं. थंडीच्या दिवसांत हवा अंधुक असते, एवढें ध्यानांत ठेवावें. २०१९ च्या नोव्हेंबरांत त्यापायीं तेथील विमानें बरेच दिवस बंद होतीं.

घोटीपासून पुढचा रस्ता अरुंद आहे. बारी गांवापाशीं १,६४६ मीटर उंचीचें कळसूबाई उजेडीं दिसतें, आणि पावसाळ्यांत धुकें दुपारींच उतरतें. वृद्ध मंडळी बरोबर असल्यास शेंडीस दिवसाउजेडींच पोंचावें.